टॉर्च नीट धर!

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या गाडीचं बॉनेट स्वतःच्या हाताने उघडलंय? वायपरचं पाणी भरायला उघडलेलं धरायचं नाही हं! माझं उत्तर गेल्या जुलैपर्यंत ‘एकदाही नाही’ असं होतं. पवईच्या ऑफिसात मी दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, लोकांना ‘लॉग पाठवा, बघते’ असं रुबाबात सांगते. पण रस्त्यात गाडी बंद पडली की मीही तुमच्यासारखीच. मोबाइल काढायचा, कॅब बोलवायची, विषय संपला.

तर एका गुरुवारी भर मीटिंगमध्ये आईचा फोन आला. आई ही व्हॉट्सॲपवाली. ती फोन करते तेव्हा समजायचं, काहीतरी गडबड आहे.

‘बाबा पद्मिनी भंगारात देतायत. रविवारी माणूस येणारे.’

मी मीटिंग सोडून बाहेरच आले.

ज्यांना पद्मिनी म्हणजे फक्त नटी आठवते त्यांच्यासाठी थोडं ज्ञान. प्रीमियर पद्मिनी ही इटलीच्या फियाट ११०० ची देशी बहीण. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, स्टिअरिंगला चिकटलेला गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटल्यावर जी गाडी डोळ्यांसमोर येते, तीच ही. आमची १९८९ ची, फिकट निळी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे घरातली सीनिऑरिटी तिचीच. दादाला आणि मला हॉस्पिटलातून घरी तिनेच आणलं. गणपती तिच्यातूनच यायचे. मुलुंडहून निघून कोकणात मामाकडे पोहोचेपर्यंत ती दोनदा तापायची, आणि दोन्ही वेळा बाबा शांतपणे उतरून बॉनेट उघडायचे.

शुक्रवारी संध्याकाळी मुलुंडला गेले. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद होता: ‘कंपाउंडमधील बंद वाहने महिनाअखेरपर्यंत हलवावीत.’ बदामाच्या झाडाखाली निळ्या प्लास्टिकखाली पद्मिनी उभी होती. जूनपासून सुरूच झालेली नाही, म्हणे.

‘तुम्हीच दुरुस्त करता ना नेहमी?’ मी बाबांना विचारलं.

‘पार्ट मिळत नाहीत आता. आणि माझी पाठ धरलीये.’ बाबांनी अर्धा कप चहा संपवला आणि पेपर उघडला.

‘अर्धाच?’

‘शुगरला घाबरून कमी केलाय,’ आई आतून म्हणाली.

मला ते सगळं पटलं. म्हणजे तेव्हा तरी पटलं.

आमच्या लहानपणी रविवार म्हणजे बाबा बॉनेटखाली, हे ठरलेलं. दादा त्यांना पाने द्यायचा. ‘दहा-अकराचा दे’, ‘प्लग पाना दे’. पाच-सहा वर्षांत दादाला सगळं यायला लागलं. माझ्याकडे एकच काम होतं, टॉर्च धरायचं. आणि त्या कामात मला मिळालेलं एकमेव ट्रेनिंग म्हणजे, ‘अगं, टॉर्च नीट धर!’ बाबांच्या मनात काही नव्हतं. मुलीला पाना द्यावा हे त्यांना सुचलंच नाही, इतकंच. आता दादा डब्लिनला असतो. तिथे त्याच्याकडे गाडीच नाही, बसने फिरतो. काय बोलणार!

मी म्हटलं, ‘बाबा, उद्याचा शनिवार माझा. तुम्ही खुर्ची टाकून बसा. हात माझे, डोकं तुमचं. रविवारी दहापर्यंत सुरू झाली नाही तर मी स्वतः भंगारवाल्याला चहा देईन.’

‘तुला नाही जमायचं.’

बस्स. हे वाक्य ऐकलं की मला सगळं जमतं.

रात्रभर बॅटरी चार्जरवर लावली. शनिवारी सकाळी पावसाने उघडीप दिली आणि शोधकाम सुरू झालं. सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. नुसतंच खोकत होतं.

‘आधी ठिणगी आहे का बघ,’ खुर्चीवरून हुकूम आला. एक प्लग काढायचा, पुन्हा त्याच्या वायरला जोडायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवायचं आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. वायर हातात धरायची नाही, रबरी मुठीच्या पकडीने धरायची. नाहीतर असा झटका बसतो की पुढच्या वेळी आपोआप लक्षात राहतं. आईने किल्ली फिरवली. प्लगच्या टोकाला ठिणगी आली खरी, पण कशी? पिवळट, मरतुकडी.

‘निळी पाहिजे, आणि टक् असा आवाज पाहिजे,’ बाबा म्हणाले. ‘पॉइंट गेलेत. कंडेन्सरही गेला असेल.’

आता पुढचं नीट वाचा, कारण हे मला तिसाव्या वर्षी कळलं आणि फार भारी वाटलं.

गाडीची बॅटरी असते फक्त बारा व्होल्टची. तेवढ्यात प्लगला ठिणगी पडत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. ते तयार करते इग्निशन कॉइल. पण कॉइलला त्यासाठी एक धक्का हवा असतो. तिच्यातून वाहणारा करंट एकदम तोडायचा. हे तोडायचं काम पॉइंट करतात. पॉइंट म्हणजे टिकलीएवढे धातूचे दोन ठिपके. मिटले की करंट चालू, उघडले की बंद. ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी कॉइल पंधरा-वीस हजार व्होल्टचा दणका देते. तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो, आत फिरणारा रोटर त्याला ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. आणि उघडताना पॉइंटमध्येच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी अंगठ्याएवढा कंडेन्सर बसलेला असतो. तो गेला की पॉइंट काळे पडतात, त्यांना खड्डे पडतात.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे दोन ठिपके सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतात! चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या सुमारास ही पद्धत गाडीत आणली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या पेट्रोल गाड्या तिच्यावर धावल्या. आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत, ते काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. म्हणून तर आपल्याला बॉनेट उघडायची वेळ येत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा उघडून टोपी काढली. आत बुरशीसारखा ओलावा, आणि टोपीला आतून केसाएवढी काळी भेग. पावसाळ्यात अशा भेगेतून करंट भलतीकडे पळतो. पॉइंट तर कोळसाच झाले होते.

मी दुपारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेले. तिसऱ्या दुकानात एक चाचा भेटले. ‘पद्मिनी का सामान? अब कौन लेता है बेटा!’ त्यांचं खरं होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. इथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही, आणि टॅक्सी नाही म्हणून गिऱ्हाईकही नाही. तरी चाचांनी माळ्यावरून धुळीचा खोका काढला. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, टोपी आणि चार प्लग. सगळं मिळून बाराशे रुपये. आमच्या टीमच्या शुक्रवारच्या पिझ्झाचं बिल याहून मोठं असतं, बॉस!

म्हणजे ‘पार्ट मिळत नाहीत’ हे काही खरं नव्हतं. ट्रेनमध्ये हा विचार एकदा मनात येऊन गेला, पण मी तो पुढे नेला नाही.

चारला परत आले तर आभाळ भरून आलेलं. झाडाखाली अंधारल्यासारखं झालं होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, जुने पॉइंट आणि कंडेन्सर सोडवले. बाबा खुर्ची सोडून जवळ आले आणि टॉर्च घेऊन उभे राहिले.

पॉइंटचा स्क्रू अगदी मुंगीएवढा असतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या आत पडला तर संपलंच. ‘स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लाव, चिकटून राहील,’ बाबा म्हणाले. मी लावला. श्वास रोखून स्क्रू भोकाजवळ नेला. पण प्रकाश सारखा हलत होता. भोक दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं.

माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘बाबा, टॉर्च नीट धरा ना!’

आणि मी वर बघितलं.

बाबांनी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट पकडलं होतं. तरीही हात थरथरत होता. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, ते आपल्या हाताकडेच बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा.

‘दिवाळीपासून,’ ते म्हणाले. ‘दिवाळीनंतर एकदा पॉइंट सेट करायला घेतले. गेज फटीत जाईचना. तीनदा स्क्रू आत पडला. मग बॉनेट लावून टाकलं.’

‘आणि पाठ?’

‘पाठ बरी आहे.’

‘शुगर?’

‘तीही बरी आहे. पूर्ण कप सांडतो, म्हणून अर्धा घेतो. आईला बोलू नकोस.’

मी काय बोलणार होते? आठ महिने मी दर रविवारी फोन करत होते. ‘कसे आहात?’ ‘मजेत.’ ‘गाडी?’ ‘आहे उभी.’ पाच मिनिटांत फोन संपायचा. ऑफिसात एखादा प्रोग्रॅम आठ महिने असा चुकीचा चालला असता तर मी केव्हाच लॉग उघडून बसले असते. इथे माझ्यासमोर अर्धा कप होता, बंद गाडी होती, आणि मी शुगरवर विश्वास ठेवून मोकळी झाले होते.

डोळ्यांत पाणी आलं असतं, पण स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला स्क्रू होता. मी म्हटलं, ‘दोन्ही हातांनी धरा. आणि कोपर मडगार्डवर टेकवा.’

बाबांनी कोपर टेकवलं. प्रकाश स्थिरावला. अगदी पूर्ण नाही, पण स्क्रू बसण्यापुरता.

मग खरं नाजूक काम. पॉइंट जेव्हा सगळ्यात जास्त उघडतात तेव्हा त्यांच्यातली फट ठरावीक लागते, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी कमी. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरचा दांडा नेमका त्या जागी यायला हवा. म्हणून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, आणि वॉचमनकाका व तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार तिला पुढे ढकलू लागले. ‘एक इंच... अजून... बास बास!’ फटीत फीलर गेजची पाती सरकवायची आणि पॉइंट जागेवर कसायचे.

‘कशी जातेय?’ बाबांनी विचारलं.

‘सहज.’

‘लोण्यातून सुरी जाते तशी?’

‘हो.’

‘मग फट जास्त झाली. थोडी कमी कर. आता?’

‘आता अडकतेय.’

‘अडकायला नको. वहीच्या पानांतून पट्टी ओढल्यासारखं वाटलं पाहिजे.’

सहाव्या प्रयत्नाला तसं वाटलं. आणि खरं सांगते, बाबांचे हात जे तीस वर्षं ओळखत होते ते त्या क्षणी माझ्या बोटांना कळलं. कुठल्याही पुस्तकात ते लिहून कळणार नाही. बाबांना ते डोळ्यांनी बघायची गरजच पडली नाही. मी ‘हं, आता’ म्हटलं, त्या सुरावरूनच ते म्हणाले, ‘कस आता.’

दांड्याच्या उंचवट्यावर ग्रीसचं बोट, पॉइंट एकदा कोऱ्या कागदाने पुसून घेतले, नवा कंडेन्सर, नवा रोटर. प्लगची फटही गेजने तपासली. प्लग आधी हातानेच फिरवत बसवायचे, पाना शेवटी. आटे वाकडे गेले तर मोठा खर्च. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही किंचित सरकतं, म्हणून कॉइलच्या तारेला बारा व्होल्टचा छोटा दिवा जोडून ते तपासलं. पॉइंट उघडले की दिवा लागतो, आणि तेव्हा पुलीवरची खूण बरोबर जागेवर असली पाहिजे. होती.

इथवर मी हवेत. मग मी ती चूक केली.

टोपी बदलताना एक-एक वायर काढून जुन्या टोपीवरून नव्या टोपीवर लावायची असते. बाबांनी सकाळीच बजावलं होतं. पण मी उत्साहात चारही वायरी एकदम उपटून ठेवल्या होत्या. आता कुठली कुठे? मी म्हटलं, त्यात काय, चार सिलिंडर आहेत, एक-दोन-तीन-चार अशा ओळीने लावू. रोटर फिरतो त्या दिशेने लावून टाकल्या.

बॅटरी जोडली. किल्ली फिरवली.

धडाम्!

सायलेन्सरमधून असा बार निघाला की बदामावरचे कावळे उडाले, आणि सेक्रेटरीकाका बनियनवर गॅलरीत आले. मी घाबरून गाडीतून बाहेर. बाबा मात्र हसत होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं.

‘लावल्यास ना ओळीने? अगं, आपल्या मोठ्या सुटकेसचं कुलूप कितीचं आहे?’

‘एक तीन चार दोन.’

‘आणि तुझ्या पहिल्या सायकलचं?’

‘तेच. एक तीन चार...’ मी थांबले.

घरातल्या प्रत्येक कुलपाचा नंबर १३४२ होता. आईच्या कपाटाचा, माझ्या सायकलचा, गावच्या घराच्या पेटीचा. मला वाटायचं काहीतरी तारीख असेल. तो पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर होता! आधी पहिला सिलिंडर, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. तीस वर्षं तो नंबर मला पाठ होता आणि कशाचा आहे ते माहीत नव्हतं.

वायरी बदलल्या. चोक ओढला. पुन्हा किल्ली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि पकडलं. बाबांनी बॉनेटला हात टेकवला. इंजिनच्या थरथरीत त्यांच्या हाताची थरथर वेगळी दिसत नव्हती.

‘थोडा खरखरतोय,’ ते म्हणाले. ‘कार्ब्युरेटर पुढच्या रविवारी.’

पुढच्या रविवारी! मी ऐकलं आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दहाला भंगारवाला आला. पद्मिनी कंपाउंडात फेऱ्या मारत होती, चालवत होते मी आणि शेजारी बाबा. त्याला चहा दिला, जुने टायर आणि रद्दी दिली. सेक्रेटरीकाकांनी नोटीस काढली नाही, पण पद्मिनीकडे बघून मान हलवली.

आईला आम्ही त्याच रात्री सांगितलं. म्हणजे बाबांनीच सांगितलं. मग तिघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. काय निघालं ते बाबांचं खासगी आहे, ते इथे लिहीत नाही. औषध सुरू आहे. कप आता पाऊण भरतो.

तुम्हाला पद्मिनी घ्या असं मी अजिबात सांगणार नाही. ॲव्हरेज विचाराल तर रडू येईल. पण घरातल्या कोणी आयुष्यभर आवडीने केलेलं काम अचानक सोडलं आणि ‘आता पार्ट मिळत नाहीत’ असं सांगितलं, तर एकदा बॉनेट उघडून बघा.

आता महिन्यातला एक रविवार पद्मिनीचा. पहिल्या महिन्यातच मी हुशारी करून डोक्याला बांधायचा टॉर्च मागवला होता, म्हणजे बाबांना त्रास नको. खोका घेऊन खाली गेले, तर बाबा आधीच बॉनेट उघडून, कोपर मडगार्डवर टेकवून, दोन्ही हातांत टॉर्च धरून उभे होते. खोका मी पिशवीतून काढलाच नाही. तो अजून तिथेच आहे.

प्रकाश हलतो अधूनमधून. मग मी थोडं थांबते.